बाळाचा वाढदिवस आणि बाळाचें ताट

वाढदिवस तीन वर्षांच्या मुलाचा असतो, परंतु त्या दिवशीं जें ताट मांडलें जातें तें बहुधा मोठ्या माणसांच्या जिभेला रुचेल असेंच असतें. तिखट सामोसा, शेंगदाणे घातलेला चिवडा, बटाट्याचे वेफर, साखरेच्या जाड थराचा केक आणि बाटलींतील गोड पेय! आई दोन दिवस स्वयंपाकघरांतून बाहेर पडत नाहीं. आणि इतकें करून मुलें काय खातात? केकवरची साखर चाटतात, एखादा वेफर कुरतडतात आणि फुग्यांमागें धांवत सुटतात. भरलेल्या बशा तशाच परत आलेल्या पाहून आईला वाईट वाटतें. पण दोष तिच्या हाताच्या चवीचा नसतो, योजनेचा असतो.

मुलाची भूक लहान असते, हें प्रथम ध्यानांत घ्यावयास हवें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरांत सुमारें १,०१० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीप्रमाणें वरून घातलेल्या साखरेचा वांटा त्यांत एकदशांशाहून कमी असावा. हिशेब केला तर ही साखर २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट सहा चमचे भरते. कोलाच्या २०० मिलिलिटरांतच त्यांतील जवळजवळ पांच चमचे संपतात!

याहून महत्त्वाचा प्रश्न घशाचा आहे. शेवटच्या दुधाच्या दाढा दोन ते तीन वर्षांच्या सुमारास येतात, आणि त्या आल्यावरहि नीट चावण्याची संवय लागण्यास वेळ लागतो. श्वासनलिका अरुंद असते, आणि मूल हंसतां-खेळतां खात असतें. म्हणून पांच वर्षांखालील मुलांच्या बशींत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, कठीण गोळ्या आणि पेल्यांतील घट्ट जेली मुळींच असूं नये. द्राक्ष द्यावयाचें तर उभे चार भाग करून द्यावें; गाजर व सफरचंद किसून किंवा मऊ वाफवून द्यावें. फुटलेल्या फुग्याचे तुकडेहि तत्काळ उचलावे, कारण मुलें तेहि तोंडांत घालतात.

इतकी काळजी घेऊनहि घांस अडकलाच, तर घरांतील एकाला तरी उपाय ठाऊक असावा. मुलाला जोरानें खोकतां येत असेल तर खोकूं द्यावें. आवाजच फुटत नसेल, तर त्याला पुढें वांकवून दोन्ही खांद्यांच्या मध्यें पाठीवर तळहातानें पांच जोराचे तडाखे द्यावे. तेवढ्यानें न भागल्यास मागून धरून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आंत व वर असे पांच झटके द्यावे, आणि हाच क्रम चालू ठेवावा. दुसऱ्यानें तोंवर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एक वर्षाखालील बाळाचें पोट मात्र दाबूं नये. त्याच्या छातीच्या मध्यावर दाब द्यावा. न दिसणारा घांस काढण्यासाठीं तोंडांत बोट घालूं नये. तो अधिक आंत जातो.

आतां बशीचा विचार. चार पदार्थ पुरे होतात: एक वाफवलेला, एक पावाचा, एक फळाचा व एक गोड.

वाफवलेल्या पदार्थांत इडलीसारखी सोय नाहीं. तीन वाट्या तांदूळ व एक वाटी उडदाची डाळ वाटून आदल्या रात्रीं पीठ आंबवावें. दुसऱ्या दिवशीं त्याचे तीन भाग करून एकांत बिटाचा रस, दुसऱ्यांत वाटलेला पालक घालावा आणि तिसरा पांढराच ठेवावा. लहान वाट्यांत एकेक चमचा पीठ घालून दहा मिनिटें वाफवलें कीं तिरंगी इडल्या होतात. वर थोडें तूप लावावें; तिखट चटणीची गरज नाहीं.

पावाच्या कडा काढून लोणी लावावें, किसून पिळलेली काकडी पसरावी आणि वाटीच्या कडेनें गोल कापून त्यांचे लहान तुकडे करावे. फळांत पिकलें केळें, पपई व बिया काढलेला चिकू हीं मऊ फळें उत्तम.

गोड म्हणून रव्याचा केक करावा. एक वाटी बारीक रवा, एक वाटी दहीं, अर्धी वाटी साखर व पाव वाटी पातळ तूप एकत्र करून अर्धा तास ठेवावें. मग अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा व लागेल तेवढें दूध घालून मिश्रण तूप लावलेल्या डब्यांत ओतावें. ओव्हनमध्यें १८० अंशांवर, किंवा जाड पातेल्यांत वाळूचा थर देऊन मंद आंचेवर झांकून, ३५ ते ४५ मिनिटें भाजावें. याचे १६ तुकडे केले म्हणजे एकेका मुलाच्या वांट्याला दीड चमच्याहून कमी साखर येते. पिण्यास पाणी किंवा पातळ ताक ठेवावें.

आमंत्रण देतांनाच कोणत्या मुलाला दूध, गहूं, शेंगदाणे अथवा अन्य कशाची बाधा होते, हें त्याच्या आईला विचारावें. पाहुण्यांबरोबर एक वर्षाखालील बाळ आलें असेल तर त्याला मध चाटवूं नये. त्यापासून बाळाला गंभीर विषबाधा होऊं शकते. दुधाचे व सायीचे पदार्थ दोन तासांहून अधिक बाहेर राहूं नयेत. कडक उन्हाळ्यांत एकच तास.

औक्षण झालें कीं मुलांना सतरंजीवर एका पंगतीला बसवावें, आणि खाणें आटोपेपर्यंत फुगे वर बांधून ठेवावे. पंधरा मिनिटांत पंगत उठते. मोठ्यांचा चिवडा त्यानंतर, मुलांच्या हाताला न लागेल अशा जागीं काढावा. असें केलें म्हणजे त्या सायंकाळीं आईलाहि मुलांच्या पंगतींत बसण्यास सवड मिळते. आणि तीन वर्षांच्या मुलाला आपल्या वाढदिवशीं आई जवळ बसलेली हवी असते, तिनें केलेले दहा पदार्थ नव्हे.