लाइमच्या रुग्णाने कोणती तपासणी करावी?

न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसेच्युसेट्स या भागांत मराठी घरं कमी नाहीत. उन्हाळ्यात तिथे लेकीकडे राहायला गेलेल्या आईबाबांना मागच्या अंगणात येणाऱ्या हरणांचं फार कौतुक असतं. त्याच गवतात खसखशीच्या दाण्याएवढी गोचिडाची पिल्लं असतात. ती चावल्याचं कळतही नाही आणि लाइमचे जंतू अंगात शिरतात. कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून या आजाराला नाव मिळालं.

या आजारात औषधाइतकाच गोंधळ तपासण्यांचा आहे. नेहमीची रक्ततपासणी जंतू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून लाइमच्या भागात राहिलेल्या माणसाच्या अंगावर पसरत जाणारा चट्टा दिसला, तर डॉक्टर रक्त न तपासताच डॉक्सिसायक्लिनसारखं औषध सुरू करतात. त्या दिवसांत रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर हा चट्टा पुस्तकातल्या फोटोसारखा लालभडक दिसत नाही, हे घरच्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं.

चट्टा नसेल तर तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी एलायझा, ती पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली तरच दुसरा टप्पा, बहुधा वेस्टर्न ब्लॉट. ब्लॉटच्या कागदावर आकड्यांसमोर पट्टे असतात. आयजीजी या प्रकारच्या अँटिबॉडीच्या १० पैकी किमान ५ पट्टे उमटले तरच तो भाग पॉझिटिव्ह धरतात. आयजीएम या दुसऱ्या प्रकाराला ३ पैकी २ पुरतात, पण ते फक्त पहिल्या महिन्यातच ग्राह्य. ४१ नंबरचा पट्टा तर लाइम कधीच न झालेल्या पुष्कळांच्या रक्तातही उमटतो. तो एकटा पाहून झोप उडवून घेऊ नये.

खरी कसोटी उपचारांनंतर लागते. काहींचा थकवा, अंगदुखी, विसराळूपणा महिनोन्‌महिने जात नाही. हा त्रास खोटा नसतो, आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून तो उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. पण अशा वेळी लाइमची तीच तपासणी पुन्हा करून उत्तर मिळत नाही, कारण बरं झाल्यावरही अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. सीडी-५७ ही रक्ततपासणी किंवा लघवीतून लाइम शोधण्याच्या महागड्या तपासण्यांनाही पुरेसा आधार नाही. त्यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा लक्षणाकडे बघावं. चक्कर येते, नाडी मंदावली आहे, तर लगेच ईसीजी. गुडघा टम्म सुजला तर अँटिबॉडी आणि सांध्यातल्या पाण्याची पीसीआर. थंडीताप आणि हिमोग्लोबिन घसरलेलं, तर रक्ताची स्लाइड, कारण तोच गोचीड बॅबेसिया हा रक्तातला परजीवीही देतो. नुसताच थकवा असेल तर थायरॉइड आणि बी-१२ आधी पाहावं. शाकाहारी माणसाने तर नक्कीच.

प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारावं, ‘पॉझिटिव्ह आलं तर काय कराल आणि निगेटिव्ह आलं तर काय?’ दोन्हींचं उत्तर एकच असेल तर सुई टोचून घ्यायचं कारण नाही.

सांधे कधीकधी काही महिन्यांनीही सुजतात. तोवर आईबाबा पुण्याला परतलेले असतात आणि इथल्या डॉक्टरांच्या डोक्यात लाइम येणं कठीण. कुठल्या राज्यात, कोणत्या महिन्यात राहिलो, झाडीगवतात फिरलो का, हे त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगावं.