गोल्फ बॅग घेताय? आधी खांदा बघा

घरातलं कुणी बँकेतून किंवा लष्करातून निवृत्त झालं, कुणाची साठी आली, की मुलं, सुना, जावई वर्गणी काढून एखादी मोठी भेट द्यायचं ठरवतात. ती व्यक्ती गोल्फ खेळणारी असेल, तर विचार फिरून फिरून गोल्फ बॅगेवर येतो, आणि ते योग्यच आहे. स्टिक परस्पर घेऊन देणं जोखमीचं असतं. तिची लांबी, वजन, दांड्याची लवचिकता हे सगळं खेळणाऱ्याची उंची आणि फटक्याचा वेग पाहून ठरतं. बूट आणि हातमोजा मापाचा लागतो. चेंडू महिन्याभरात झाडीत नाही तर पाण्यात जातात. बॅग मात्र वर्षानुवर्षं सोबत राहते आणि तिला खेळणाऱ्याचं माप लागत नाही.

पण दुकानात एका ओळीत उभ्या केलेल्या बॅगा नवख्याला सारख्याच दिसतात. मग रंग आणि कंपनीचं नाव बघून निवड होते आणि बहुतेक वेळा सगळ्यांत मोठी, सगळ्यांत चकचकीत बॅग घरी येते. भेट फसते ती इथे. गोल्फ बॅग घेताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही उचलणार कोण?

भार किती, चाल किती

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळं वजन आहे. अमेरिकेत बरेच हौशी खेळाडू बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतात, ढकलगाडीवर ठेवतात किंवा विजेच्या गाडीतून फिरतात. भारतात मात्र कॅडीची, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाची, परंपरा मोठी आहे. कोलकात्यात 1829 मध्ये सुरू झालेला रॉयल कलकत्ता क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. पुण्यात येरवड्याला, मुंबईत चेंबूरला हा खेळ रुजला तो ब्रिटिश अमदानीतच, आणि खेळाबरोबर कॅडीही आला. आजही अनेक मैदानांवर किट कॅडीच वाहतो.

आता हिशेब करून बघा. ड्रायव्हर साधारण 300 ग्रॅमचा, प्रत्येक आयर्न 400 ग्रॅमच्या पुढे. 14 स्टिक धरल्या की साडेपाच ते सहा किलो होतात. नियमानुसार एका चेंडूचं वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम, म्हणजे डझनभर चेंडूंचा अर्धा किलो. पाण्याची बाटली, छत्री, टॉवेल, जादा हातमोजा यांचे आणखी दीड-दोन किलो. म्हणजे रिकाम्या बॅगेचं वजन धरण्याआधीच आठ किलोंच्या आसपास भार झाला. त्यात दोन-सव्वादोन किलोची हलकी बॅग असेल, तर एकूण दहा किलो. स्पर्धेत व्यावसायिक खेळाडूंच्या मागे दिसणारी टूर बॅग घेतली, तर ती रिकामीच साडेचार-पाच किलोची असते. मग आकडा तेराच्या घरात जातो. अठरा होल खेळताना आठ ते दहा किलोमीटर चालणं होतं. बॅग भेट देणारा जे अडीच-तीन किलो वाढवतो, ते एवढं अंतर कुणाच्या तरी खांद्याला वाहायचे असतात.

प्रकार चार, उपयोग चार

सर्वांत सुटसुटीत ती पेन्सिल बॅग. निमुळती, एक-दोन खिशांची, सहा-आठ स्टिकपुरती. ड्रायव्हिंग रेंजवर सरावाला जाणाऱ्याला किंवा संध्याकाळी नऊ होल खेळणाऱ्याला ती पुरते. ज्याच्याकडे मोठी बॅग आधीच आहे, त्याला दुसरी बॅग म्हणून ही भेट फार छान.

दुसरी स्टँड बॅग. हिला दोन बारीक पाय असतात. बॅग जमिनीवर टेकवून किंचित पुढे कलवली की पाय आपोआप बाहेर येतात, उचलली की आत मिटतात. हिला पाठीवर घ्यायच्या सॅकसारखे दोन पट्टे असल्याने भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो. चालत खेळणाऱ्याला आणि कॅडीला सर्वांत सोयीची हीच.

तिसरी कार्ट बॅग. पाय नाहीत, बूड रुंद आणि सपाट, खिसे भरपूर आणि सगळे समोरच्या बाजूला. गाडीला किंवा ट्रॉलीला बॅग बांधली तरी एकही खिसा पट्ट्याखाली दबत नाही, कारण बांधायचा पट्टा आत घेण्यासाठी वेगळी खोबण असते. पण पट्टा बहुधा एकच. गाडीतून उतरवून बराच वेळ वाहायची वेळ आली, तर ती जड जाते.

चौथी टूर किंवा स्टाफ बॅग. कंपनीचं ठसठशीत नाव, मोठं तोंड, चामड्यासारखं भारी कापड. व्यावसायिक खेळाडूसाठी ती चालती-फिरती जाहिरात असते आणि तिचं वजन सांभाळायला पगारी कॅडी असतो. हौशी खेळाडूला तिचा उपयोग कमी आणि ओझं जास्त. भेट म्हणून हिच्या वाटेला न गेलेलंच बरं.

तोंडात डोकावून बघा

प्रकार ठरला की बॅगेच्या तोंडात नीट बघा. वरच्या चौकटीत चार, पाच किंवा चौदा कप्पे असतात. चौदा कप्पे म्हणजे प्रत्येक स्टिकला वेगळं घर. ज्याला सगळं जागच्या जागी लागतं, त्याला ते आवडतं. पण खरी परीक्षा वरच्या चौकटीची नाही, आतल्या कापडी पडद्यांची आहे. हे पडदे बुडापर्यंत गेलेले हवेत. काही बॅगांत ते वरच्या वितीभरातच संपतात आणि खाली सगळ्या मुठी एकमेकींत अडकतात. मग आठ नंबरचं आयर्न ओढावं तर सोबत नऊ नंबरही अर्धं वर येतं. रबराच्या मुठी एकमेकींवर घासून झिजतात ते वेगळंच.

पटरची मूठ हल्ली बरीच जाड असते. त्यासाठी रुंद वेगळा कप्पा आहे का, ते पाहा. शक्य झालं तर जाड मुठीचा एक पटर दुकानातूनच मागून घ्या, आत घाला, बाहेर काढा. अडकला, तर ती बॅग नको.

कप्पे चौदाच का, याला कारण आहे. 1920 आणि 30च्या दशकांत पोलादी दांड्यांचे तयार संच आले आणि काही नामवंत खेळाडू पंचवीसहून जास्त स्टिक घेऊन खेळू लागले. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1938 पासून 14ची मर्यादा घातली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्येही ती लागू झाली. ही मर्यादा मोडणं किती महागात पडतं, हे 2001च्या ब्रिटिश ओपनमध्ये जगाने पाहिलं. शेवटच्या दिवशी पहिल्या होलवर बर्डी मारून इयान वूस्नम आघाडीवर होता. दुसऱ्या टीवर लक्षात आलं की बॅगेत पंधरावी स्टिक आहे, एक जादा ड्रायव्हर. दोन फटक्यांचा दंड बसला आणि वूस्नम संयुक्त तिसऱ्या स्थानावर राहिला. प्रत्येक स्टिकला ठरलेली जागा असेल, तर जादाची चटकन डोळ्यांत भरते.

आपला पाऊस विसरू नका

परदेशी जाहिरातीत दिसणारी बॅग आपल्या जून-जुलैत टिकेल असं नाही. इथे दोन गोष्टींत फरक करायला हवा. काही बॅगांचं कापड पाणी अंगावर घेऊन निथळू देतं, पण शिवणीतून आणि चेनमधून पाणी आत जातं. खऱ्या जलरोधक बॅगेच्या शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या असतात आणि चेनही तशीच घट्ट असते. पुण्या-मुंबईत पावसाळ्यातही खेळणाऱ्याला दुसरीच द्यावी. बॅगेबरोबर वरून घालायची टोपी मिळते, ती आहे ना, तेही तपासा. आणि कितीही भारी बॅग असली तरी ओल्या पावसाळ्यात गाडीच्या डिकीत बंद ठेवली की बुरशी धरते. घरी आणून स्टिक बाहेर काढायच्या, खिसे उघडे ठेवायचे आणि पंख्याखाली वाळवायची.

गुपचूप चौकशी

भेट अचानक द्यायची असेल तर जुनी बॅगच सगळं सांगते. पट्टा झिजला असेल, तर बॅग खांद्यावर वाहिली जाते. बुडाच्या वर, पोटाभोवती पट्ट्याचे वळ असतील, तर ती ट्रॉलीवर बांधली जाते. कुठल्या खिशाची चेन गेली आहे ते बघा. रोज उघडला जाणारा खिसा तोच. डिकीची लांबी-रुंदी मोजून ठेवा, कारण बॅग साधारण तीन फूट उंच असते आणि ड्रायव्हर तिच्या तोंडातून आणखी वर येतो. खेळणारी व्यक्ती उंचीने कमी असेल, तर पट्टे किती आखूड होतात ते पाहा. नेहमी सोबत खेळणाऱ्या चौघांमधल्या एखाद्या मित्राला विश्वासात घ्या. त्याहूनही नेमकं उत्तर कॅडी देतो. कुठली बॅग खांद्याला टोचते आणि कुठली चढावर मागे ओढते, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

नाव भरून घ्यायची घाई करू नका. भरतकाम केलेली बॅग दुकानदार सहसा परत घेत नाही. आधी भेट द्या, पसंत पडली की मग नाव घाला.

आणि नवी बॅग आली की जुनी माळ्यावर टाकू नका. आपल्या देशात कॅडी म्हणून सुरुवात करून व्यावसायिक झालेले खेळाडू कमी नाहीत. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचं काम केलेल्या अली शेर यांनी 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक, आणि 1993 मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. तुमच्या मैदानावरचा एखादा तरुण कॅडीही मोकळ्या दिवशी मागून आणलेल्या चार स्टिक घेऊन सराव करत असेल. चेन दुरुस्त करून, पट्टा बदलून ती जुनी बॅग त्याला द्या.

नवी घेताना दुकानात तिच्यात स्टिक भरायला लावा, एक पाण्याची बाटली टाका, खांद्यावर घ्या आणि दुकानात दोन फेऱ्या मारा. खांद्याला पटली, तरच पैसे द्या.