वनस्पतींकडून लस : वर्गात कसे समजावावे?

अष्टमी येथील शाळाभेटीत चौथीतील एका मुलाने मला विचारले, "साहेब, लशीची केळी निघाली आहेत म्हणे, मग सुई कशाला?" घरी कोणी तसे बोलले असावे. अशा समजुतीमुळे एखाद्या तान्ह्या भावंडाचे टोचणे लांबणीवर पडू नये, म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी हा विषय नीट जाणून घेणे अगत्याचे आहे.

लस म्हणजे शरीराला रोगजंतूची आगाऊ करून दिलेली ओळख होय. १८९७ साली मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली, तेव्हा त्यांना प्लेगचे जंतूच वाढवून उष्णतेने मारावे लागले. आता पुष्कळदा सबंध जंतू लागत नाही. त्याच्या अंगावरील एखादे प्रथिन पुरते. ते घडविण्याची आज्ञा ज्यात असते, त्यास जनुक म्हणतात. 'कावीळ-ब'च्या विषाणूचे असे जनुक यीस्टच्या पेशीत घालून हल्लीची लस बनते. तेच जनुक अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडात घातले आणि १९९२ साली पानांत ते प्रथिन तयार झाल्याचे प्रसिद्ध केले. वनस्पतीत जनुक पोचविण्यास, झाडाला गाठी आणणाऱ्या मातीतील एका जिवाणूचा उपयोग होतो. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसातील जनुक बोंडअळीपासून पिकाचे रक्षण करते. येथे झाड माणसाकरिता प्रथिन घडविते, हा भेद.

मग केळ्यातून लस का नाही? एका फळात प्रथिन अधिक, दुसऱ्यात उणे. त्यामुळे मात्रा निश्चित राहत नाही. पाचकरस प्रथिनाचे तुकडे करतात. शिवाय असे पीक खाण्याच्या पिकात मिसळण्याचा धोका असतो. म्हणून बंदिस्त हरितगृहात तंबाखूच्या जातभाई झाडांच्या पानांतून प्रथिन काढून, शुद्ध करून, ते सुईनेच टोचण्याचा मार्ग पुढे आला. अशी एक कोविड लस कॅनडाने २०२२ साली मान्य केली. मात्र पुढच्याच वर्षी ती बनविणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. गाजराच्या पेशींत बनविलेले, एका दुर्मीळ आनुवंशिक विकारावरील औषध अमेरिकेत २०१२ साली मान्य झाले.

तंबाखू खाल्ल्याने लस मिळते, असा विपरीत अर्थ मुलांनी घरी नेऊ नये, याची विशेष दक्षता घ्यावी. पालकसभेत एवढे अवश्य सांगावे : 'कावीळ-ब'ची पहिली मात्रा जन्मापासून २४ तासांच्या आत, आणि पुढे ६, १० व १४ आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट लशीतून. खाण्याच्या फळातून मिळणारी मान्य लस आज कोठेही नाही.