हादऱ्यावर तरंगणारं तेल

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथून रोज लोकलने जाणारी आपण माणसं. हादरा म्हणजे सांडणं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. आज आम्ही त्याच्या उलट सांगणार आहोत: विशिष्ट प्रकारचा हादरा द्रवाला पडूच देत नाही.

आधी घरचा प्रयोग. पेला पाण्याने काठोकाठ भरा, वर पोस्टकार्ड ठेवा आणि पेला उलटा करा. पाणी पडत नाही, कारण खालून हवेचा दाब ते पेलतो. हा दाब पाण्याचा सुमारे दहा मीटर उंच स्तंभ पेलू शकतो. आता कार्ड काढा. पाणी भसकन पडतं. दाब तर तेवढाच आहे, मग बदललं काय? कार्ड पाण्याचा खालचा पृष्ठभाग सपाट ठेवत होतं. ते निघताच तिथे सुरकुती पडते; तिचा फुगवटा खाली ओघळतो आणि शेजारून हवा वर घुसते. याला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. म्हणजे प्रश्न वजनाचा नाही, सुरकुतीचा आहे.

२०२० साली पॅरिसमधले एमान्युएल फोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन ‘नेचर’मध्ये आलं. त्यांनी सिलिकॉन तेल, ग्लिसरीन असे दाट द्रव घेतले, भांडं सेकंदाला सुमारे शंभर वेळा वर-खाली हलवलं आणि तळाशी हवा सोडली. अर्धा लिटरपर्यंतचा द्रव हवेच्या थरावर अधांतरी राहिला! इतकंच नाही, त्याच्या खालच्या पृष्ठभागावर छोटी होडी उलटी तरंगली.

हे कसं घडतं? भांडं हलताना सुरकुतीला आळीपाळीने दोन धक्के बसतात, एक वाढवणारा आणि एक मिटवणारा. सुरकुती जितकी मोठी, तितका धक्का जोरदार. वाढवणारा धक्का बसतो तेव्हा सुरकुती किंचित लहान असते, मिटवणारा बसतो तेव्हा किंचित मोठी. त्यामुळे सरासरीत मिटवणाराच जिंकतो. हादरा इथे पोस्टकार्डाचं काम करतो. आधार खालून हलवला की उलटा लंबक उभा राहतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. प्योत्र कापित्सा यांनी १९५१ साली ते उलगडून दाखवलं होतं.

मग लोकलमध्ये तेलाची बाटली उघडून उलटी धरावी का? अजिबात नको! गाडीचे हेलकावे संथ आणि वेडेवाकडे असतात. इथे हादरा उभा, एकसारखा आणि जलद हवा. आणि हो, पोस्टकार्डाचा प्रयोग मात्र मोरीतच करा.