बरे झालेल्या मुलांचे काय?

कर्करोग हा उतारवयातील रोग, असा समाजात सर्वसाधारण समज आहे. तथापि, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीन या रोगाने ग्रासले जातात. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरे होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे.

१९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनॉप्टेरिन या औषधाने मुलांमधील रक्ताचा कर्करोग काही काळ मागे हटविता येतो, हे दाखवून दिले. ते औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आले होते. त्यांच्याच मायदेशात आजही काही पालक मुलांचे उपचार अर्ध्यावर सोडून गावी परततात, हा दैवदुर्विलास होय.

यामागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. शेतमजुराने मुलाला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणले, तर औषधोपचाराचा भार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना किंवा देणगीदार हलका करतील. परंतु बुडालेली मजुरी, मुंबईतील खोलीचे भाडे, गाडीखर्च आणि घरी राहिलेल्या भावंडांची आबाळ यांची नोंद कोणत्याच बिलात होत नाही. २००६ पासून सेंट ज्यूड संस्था अशा कुटुंबांना विनामूल्य निवारा देते, त्याचे मोल म्हणूनच औषधाइतके आहे.

पण रोग हटला म्हणजे प्रश्न मिटला, असे नव्हे. काही औषधांचे हृदयावर वा श्रवणशक्तीवर होणारे परिणाम वर्षांनंतरही प्रकट होऊ शकतात. यासाठीच टाटा रुग्णालयाने १९९१ मध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांकरिता स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. मात्र लग्न जमणार नाही, नोकरी मिळणार नाही, या धास्तीने घरचेच आजाराचा इतिहास दडवतात आणि मग तपासणीही टळते. कर्करोग संसर्गजन्य नाही, एवढी साधी गोष्ट गावोगाव पोहोचली तरी हे दडपण बरेच कमी होईल.

येथे शाळेचे काम मोठे आहे. लांबलेला ताप, वाढता फिकटपणा, विनाकारण उमटणारे काळेनिळे डाग किंवा डोळ्याच्या बाहुलीतील पांढरी चमक दिसताच पालकांना डॉक्टरांकडे धाडणे आणि बरे होऊन परतलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास भरून काढणे, हे दोन्ही शिक्षकांना शक्य आहे. वाचलेल्या मुलापुढे पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य उभे असते. ते त्याला ताठ मानेने जगता यावे, ही जबाबदारी एकट्या रुग्णालयाची खचितच नाही.