हुकूमशहाची देवभक्ती

“या देशाला एखादा हुकूमशहाच पाहिजे!” एस. टी. स्टँडवर, चावडीवर, लग्नाच्या मांडवात हे उद्गार आपण सर्वांनीच ऐकले आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. कचेऱ्यांत खेटे घालून चपला झिजवलेल्या वडीलधाऱ्यांचा त्यामागचा संताप खोटा नसतो, हे मी जाणतो. पण पाठोपाठ कोणीतरी म्हणतो, “आणि तो देवाधर्माचा हवा.” हुकूमशाही आणि धर्म यांची अशी सोयरीक इटलीत खरोखरच जमली होती. तिचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

बेनिटो मुसोलिनी (१८८३-१९४५) हा लोहाराचा मुलगा, तरुणपणी कडवा नास्तिक. १९०४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका धर्मोपदेशकाशी जाहीर वाद घालून त्याने ईश्वराचे अस्तित्व नाकारणारी पुस्तिका काढली. १९१० मध्ये एका कार्डिनलच्या प्रेमप्रकरणावर धर्मगुरूंची टिंगल करणारी कादंबरी त्याने वर्तमानपत्रातून क्रमशः लिहिली. ऑक्टोबर १९२२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि चित्र पालटले. शाळांच्या भिंतींवर क्रूस परत आले. १९२३ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. १९१५ साली धर्मविधीविना झालेले लग्न डिसेंबर १९२५ मध्ये चर्चच्या विधीने पुन्हा लागले.

माणसाचे मन पालटू शकते, हे मान्य. परंतु याच काळात खऱ्या धर्मनिष्ठांच्या वाट्याला काय आले?

डॉन मिन्झोनी हा अर्जेंटा गावचा पाद्री. पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेला. गावातील मुले फॅसिस्टांच्या हाती द्यायला त्याने नकार दिला. २३ ऑगस्ट १९२३ च्या रात्री फॅसिस्ट गुंडांनी त्याला लाठ्यांनी ठार मारले. दुसरा पाद्री लुइजी स्तुर्झो. १९१९ मध्ये त्याने कॅथलिक जनतेचा लोकशाही पक्ष उभारला होता. मुसोलिनीला तो सलू लागला आणि व्हॅटिकननेही त्याची पाठराखण केली नाही. १९२३ मध्ये त्याला पक्षाचे चिटणीसपद सोडावे लागले, १९२४ मध्ये देश. तो परतला १९४६ साली!

चर्चने हे का सोसले? १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतल्यापासून पोपचे राज्य गेले होते. ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन कराराने पोपना ४४ हेक्टरांचे स्वतंत्र व्हॅटिकन राज्य, ७५ कोटी लिरा रोख व १०० कोटींचे रोखे मिळाले. पोप अकरावे पायस यांनी, या माणसाशी आपली गाठ ईश्वरी योजनेने घातली, अशा अर्थाचे उद्गार काढले. पुढच्याच महिन्यात मतदान होते. यादी एकच, उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. अनेक धर्मगुरूंनी ‘होय’चा प्रचार केला. ९८ टक्क्यांहून अधिक मते ‘होय’ पडली. आणि १९३१ मध्ये? मुसोलिनीने चर्चच्याच युवक संघटना बंद पाडल्या. राज्यसंस्थेचीच पूजा मागितली जात आहे, असा निषेध त्याच पोपना करावा लागला. गरज सरो, वैद्य मरो!

तरीही स्तुतिपाठकांची वाण नव्हती. ब्रिटनचे तत्कालीन अर्थमंत्री चर्चिल यांनी १९२७ मध्ये रोममध्ये त्याची वाखाणणी केली. आपले डॉ. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी त्याला भेटले, मुलांच्या लष्करी संघटना पाहून प्रभावित झाले. पुढे १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. रवींद्रनाथ ठाकूरही १९२६ मध्ये त्याचे पाहुणे होते. इटलीबाहेर पडल्यावर फॅसिस्टांनी छळलेल्या माणसांच्या हकिकती त्यांच्या कानी आल्या आणि त्यांनी वृत्तपत्रातून फॅसिझमचा निषेध केला. पाहुण्याला कवायत दाखवतात, मिन्झोनीची कबर दाखवत नाहीत. ‘आगगाड्या वेळेवर धावतात’ हे त्या राजवटीचे कौतुक आपल्याकडे १९७५ च्या आणीबाणीतही ऐकू आले होते, हे येथे आठवावे.

सत्ताधीशाची भक्ती मोजायला त्याने किती मंदिरांना वा चर्चना दान दिले, हे माप अपुरे आहे. त्याच्याच धर्माचा एखादा सच्चा माणूस त्याला ‘नाही’ म्हणाला, तर तो रात्री सुखरूप घरी पोहोचतो का? अर्जेंटाच्या त्या पाद्र्याला सुखरूप घर गाठता आले नाही.