टिळक स्मारकला गाणं ऐकायला जाताय? मग जेवणाचं आधी ठरवा

पाबळकरांनो, पुण्यात रात्रीच्या गाण्याला निघालात की तिकिटाइतकंच जेवणाकडे लक्ष द्या. शिक्रापूरमार्गे जाताना वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. त्यामुळे वाटेतल्या ढाब्यावर ‘पटकन’ थांबू नका. आधी थिएटर गाठा, गाडी लावा आणि चालत जाता येईल अशा ठिकाणी जेवा.

टिळक स्मारक मंदिरासाठी माझी पहिली पसंती टिळक रोडवरच्या बादशाहीला. १९३२ पासूनची खानावळ. पोळी-भाजी, आमटी-भात, कोशिंबीर, घरच्यासारखं साधं जेवण. तिसऱ्या घंटेनंतर पेंग येत नाही, हे माझ्या लेखी फार मोठं! गर्दीत मात्र नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून गाण्याच्या किमान दीड तास आधी पोचा. त्याच रस्त्यावरच्या दुर्वांकुरची थाळी चविष्ट, पण आग्रह करकरून वाढतात. विलंबित ख्यालाच्या आधी ती नकोच, दुपारच्या नाटकानंतर खुशाल जा.

वेळ उरलाच तर निंबाळकर तालमीजवळ ‘सुजाता’ची मस्तानी. मस्तानीची कबर आपल्या गावात, तिच्या नावाचं आइस्क्रीम घातलेलं दूध सदाशिव पेठेत. पाबळकराने ते प्यायलाच हवं. गाणारे मित्र असतील तर त्यांना आग्रह करू नका.

आणि हो, पुण्यातल्या बऱ्याच खानावळी रविवारी संध्याकाळी बंद असतात. निघण्याआधी फोन करून विचारा.